फिल्मवरची सावली आणि घराण्याचा इतिहास



भुसावळहून इटारसीकडे जाणारी गाडी बऱ्हाणपूर सोडून सातपुड्याच्या टेकड्यांत शिरली की चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. शेजारच्या नेपानगरात वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना उभा राहिला आणि १९५६ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्या काळच्या अनेक दैनिकांचा कागद या रानातून आला, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानात नसेल. आज मी मात्र बोलणार आहे ते एका वेगळ्याच कागदाविषयी. तो कागद आकाराने लहान असतो, त्यावर चारसहा ओळींचा मजकूर असतो आणि त्यातील एका आकड्यावर एखाद्या स्त्रीचे पुढचे आयुष्य अवलंबून राहू शकते.

समजा, चांदनी परिसरातील छत्तीस वर्षांच्या एका बाईंना उजव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही, खुपत नाही. त्या बऱ्हाणपूरला जाऊन सोनोग्राफी करवून घेतात. अहवाल येतो : गाठ लंबगोल आहे, कडा गुळगुळीत आहेत, वर्ग तिसरा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. घरी सर्वांना हायसे वाटते. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आपले काम चोख केलेले असते. परंतु त्यांच्या हाती आलेल्या चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलेले नसते. या बाईंची आत्या एकेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, ‘पोटात पाणी होऊन’ गेली, हे ते वाक्य. ते लिहिलेले असते तर त्याच सावलीचा अर्थ कदाचित निराळा लावला गेला असता. कसा, ते आपण आज पाहणार आहोत.

आधी तो ‘तिसरा वर्ग’ म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. स्तनाची चित्रे पाहून मत देणारे डॉक्टर पूर्वी आपापल्या भाषेत अहवाल लिहीत. ‘साधारण बरे दिसते’, ‘काही संशयास्पद’, ‘लक्ष ठेवावे’ असे मोघम शब्द एका डॉक्टराच्या लेखणीतून उतरत आणि दुसरा त्यांचा भलताच अर्थ घेई. हा गोंधळ मिटविण्यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ मध्ये एक सामाईक परिभाषा ठरविली. तिचे संक्षिप्त नाव ‘बायरॅड्स’. आज आपल्याकडील अहवालांतही ते आढळते. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. पहिला वर्ग निर्दोष. दुसऱ्यात काहीतरी दिसते, पण ते निश्चितपणे निरुपद्रवी असते. पाचव्यात कर्करोगाची शक्यता शंभरात पंचाण्णव किंवा अधिक. सहावा ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यासाठी. खरी घालमेल आहे ती तिसऱ्या आणि चौथ्या वर्गात. तिसरा म्हणजे ‘बहुधा निरुपद्रवी’, कर्करोगाची शक्यता शंभरात दोनांहून अधिक नाही. चौथा म्हणजे संशयास्पद. आणि त्याचा पसारा शंभरात दोनांपासून थेट पंचाण्णवांपर्यंत असल्यामुळे त्याचे पुन्हा तीन पोटवर्ग पाडावे लागले. तिसऱ्यात थांबावयाचे आणि चौथ्यात सुईने तुकडा काढून तपासावयाचा, असा साधारण संकेत आहे.

तिसऱ्या वर्गातील हे ‘थांबणे’ आळसातून आलेले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ मध्ये ३,१८४ स्त्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. या सर्वांच्या मॅमोग्राफीत ‘बहुधा निरुपद्रवी’ असे काही दिसले होते आणि तुकडा न काढता ठरावीक अंतराने चित्रे घेऊन त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली होती. त्यांपैकी कर्करोग निघाला तो केवळ १७ जणींना, म्हणजे हजारात पाच-सहा. आणि तोही आरंभीच्याच अवस्थेत हाती लागला. तीन हजारांवर स्त्रियांना सुई न टोचता, त्यांची झोप न उडविता जर हे साधत असेल, तर थांबणे हेच शहाणपणाचे नव्हे काय? अवश्य आहे. मात्र हा हिशेब सर्वसाधारण स्त्रियांचा आहे, आणि आपला प्रश्न येथूनच सुरू होतो.

चैत्रात सातपुड्यावर एखादा काळा ढग आला तर कोणी धान्य झाकावयास धावत नाही. तोच ढग, तेवढाच आणि तसाच, मृगात आला तर शेतकरी तत्काळ उठतो. ढग बदललेला नसतो. बदललेला असतो ऋतू. वैद्यकातही कोणत्याही खुणेचा अर्थ त्या खुणेत एकटीत नसतो. ती खूण दिसण्यापूर्वी रोगाची शक्यता किती होती, यावर तो ठरतो. शंभरात दोनांहून कमी, हा आकडा ज्यांच्या घराण्यात हा रोग नाही अशा बहुसंख्य स्त्रियांवरून निघाला. जिच्या अंगी जन्मतःच या रोगाचा कल आहे, तिला तो तसाच लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

हा जन्मजात कल म्हणजे नेमके काय? घराण्यात हा रोग वारंवार होतो, हे निरीक्षण जुने आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने आपल्या पत्नीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या कर्करोगाची नोंद १८६६ मध्ये छापली होती. पुढे दीर्घकाळ हा विषय कुतूहलापुरताच राहिला. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक नाव येथे घेतले पाहिजे, ते डॉक्टर कमल रणदिवे यांचे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांचे मार्गदर्शक होते विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी व ऊती काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध असावा, हे आपल्या देशात प्रथम प्रतिपादन करणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

त्यांचे बरेच काम उंदरांवर झाले, आणि उंदरांच्या या शास्त्रात एक विलक्षण प्रकरण आहे. काही जातींच्या उंदरांत माद्यांना स्तनाचा कर्करोग फार होतो. सर्वांना वाटे, ही केवळ रक्ताची देणगी. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की अशा मादीची पिले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीजवळ दुधाला लावली तर त्यांच्यातील रोग पुष्कळच घटतो. तो दुधातून जाणारा विषाणू होता, हे पुढे कळले. ही कथा कानोकानी होऊन एक वेडगळ भीती पसरण्याचा संभव असतो, म्हणून स्पष्ट सांगतो : माणसात असे काही नाही. आईच्या दुधातून मुलीला स्तनाचा कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा स्वतःचा धोका काहीसा उतरतो.

माणसातील जो खरा आनुवंशिक धागा आहे तो १९९० मध्ये हाती लागला. अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी अनेक घराण्यांचा पिढीजात अभ्यास करून दाखवून दिले की लवकर वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव बीआरसीए-१. तेराव्या गुणसूत्रावरचे दुसरे, बीआरसीए-२, पुढच्याच वर्षी सापडले. ही जनुके वाईट आहेत, असे मुळीच नाही. ती प्रत्येक स्त्रीत आणि प्रत्येक पुरुषात असतात, आणि पेशींच्या गुणसूत्रांत पडलेली तूट सांधणे हे त्यांचे काम. त्यांच्यात जन्मतः बिघाड असेल तर दुरुस्तीचे काम ढिले पडते आणि चुका साचत जातात. बिघाड असलेल्या स्त्रियांपैकी ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत शंभरात सुमारे सत्तर जणींना स्तनाचा कर्करोग होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण पहिल्या जनुकात शंभरात सुमारे चव्वेचाळीस आणि दुसऱ्यात सतरा असे निघाले. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे आनुवंशिक रुग्ण शंभरात पाच ते दहाच असतात, हेही लगोलग सांगितले पाहिजे. परंतु २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे एक लाख ब्याण्णव हजार स्त्रियांना हा रोग झाला. त्यातील पाच टक्के म्हटले तरी साडेनऊ हजारांवर होतात.

आता पुन्हा त्या गुळगुळीत कडांकडे येऊ. एखादी गाठ निरुपद्रवी की घातकी, हे चित्रावरून ओळखण्याचा परंपरागत ठोकताळा असा की साधी गाठ शेजारच्या मांसात घुसत नाही, ती फक्त त्याला बाजूला सारते. म्हणून तिची कड रेखीव, आकार लंबगोल, आणि ती कातडीला समांतर आडवी पहुडलेली. तरुण स्त्रियांत आढळणारी फायब्रोॲडिनोमा नावाची गाठ अशीच असते, आणि ती बिचारी काहीही करीत नाही. कर्करोगाची गाठ खेकड्याप्रमाणे पाय पसरते. तिच्या कडेपासून बारीक काटे निघतात. हा ठोकताळा पुष्कळदा बरोबर ठरतो. पण बीआरसीए-१ च्या बिघाडातून होणाऱ्या कर्करोगांची चाल अनेकदा वेगळी असते. ते इतक्या वेगाने वाढतात की पाय पसरण्याऐवजी चेंडूसारखे फुगत जातात आणि शेजारच्या भागाला सर्व बाजूंनी ढकलतात. कड त्यामुळे बरीच सरळ दिसते, आकार गोल किंवा अंडाकृती येतो. सोनोग्राफीत अशा गाठीच्या मागे कधीकधी उजळ पट्टा दिसतो. असा पट्टा पाण्याच्या साध्या पिशवीमागेही दिसतो. थोडक्यात, अत्यंत त्वरेने वाढणारा हा रोग सभ्य गृहस्थाचा वेष घेऊन येतो. त्याला सहा महिन्यांची मुदत देणे म्हणजे त्याला हवे तेच देणे.

बिघाड असलेल्या स्त्रीच्या स्तनातील प्रत्येक गाठ घातकी, असा याचा अर्थ मुळीच नाही. साधी फायब्रोॲडिनोमा तिलाही होते, पाण्याची पिशवीही होते, आणि तिच्या बहुतेक ‘तिसऱ्या वर्गा’च्या सावल्या शेवटी निरुपद्रवीच निघतात. सहा महिने थांबण्याचा मार्ग तिच्यासाठी सर्वथा बंद आहे, असेही शास्त्र सांगत नाही. मुद्दा इतकाच की तिच्या बाबतीत निर्णयाचा काटा सुईकडे लवकर झुकावा. गाठ मागच्या वर्षीच्या चित्रात नव्हती आणि यंदा आहे, किंवा ती हाताला लागते आहे, किंवा आकाराने वाढली आहे. यांपैकी काहीही असेल तर थांबण्याचे कारणच उरत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर घराण्याचा इतिहास ठळक असताना, आणि पाचशे किलोमीटरवरून येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत सहा महिन्यांनी ती परत येईल याची खात्री नसताना, पहिल्याच भेटीत सुईने तुकडा काढणे अधिक माणुसकीचे आहे.

या सुईविषयी आपल्याकडे एक समज खोल रुजलेला आहे : गाठीला लोखंड लागले की ती चिघळते. कित्येक बाया एवढ्याच भयाने परत जातात. वस्तुस्थिती अशी की जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत, पेन्सिलीतील शिशाएवढे जाड तीनचार तुकडे काढतात. बाई तासाभराने चालत बाहेर पडते. यामुळे रोग पसरून आयुष्य घटते, असे आढळून आलेले नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जे उत्तर येते त्याचा चित्राशी मेळ बसतो की नाही, हे मात्र पाहावे लागते. चित्र दाट संशयाचे आणि तुकड्याचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर सुई नेमक्या जागी पोचली नसण्याचा संभव असतो आणि तुकडा पुन्हा काढावा लागतो. दुसऱ्यांदा बोलावले म्हणजे डॉक्टर पैसे काढीत आहेत, असा तर्क करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आता यंत्रांविषयी थोडेसे. स्तनाचा क्ष-किरणांनी अभ्यास करण्याचा पहिला मोठा उद्योग १९१३ मध्ये बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोन या शल्यवैद्याने केला. शस्त्रक्रियेत काढलेल्या तीन हजार स्तनांची त्याने चित्रे घेतली. मिठाच्या कणांसारखे चुन्याचे बारीक ठिपके प्रथम त्याच्या नजरेस आले, आणि आजही मॅमोग्राफीचे मोठे बळ या ठिपक्यांत आहे. तिचे दौर्बल्य असे की तरुण स्तन दाट असतो. दाट ऊती फिल्मवर पांढरी, गाठही पांढरी. दुधात खडू शोधण्यासारखे. आनुवंशिक रोग तर ऐन तारुण्यातच येतो. शिवाय बिघडलेल्या जनुकांच्या स्त्रीला क्ष-किरणांमुळे होणारी इजा भरून काढणे जड जाते, म्हणून तिशीपूर्वी तिची मॅमोग्राफी शक्यतो टाळतात. सोनोग्राफीला हा दोष नाही. ती स्वस्त आहे, बऱ्हाणपूरसारख्या गावीही आहे, परंतु ती करणाऱ्याच्या हातावर आणि धीरावर फार अवलंबून असते.

राहिली एमआरआय. हिच्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात स्त्रीला पालथी निजवून, शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचे द्रव्य देऊन, ते स्तनात कोठे किती त्वरेने शिरते आणि किती त्वरेने ओसरते हे टिपतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून घेते. त्या कच्च्या, गळक्या असतात. द्रव्य तेथे धावत जाते आणि धावतच बाहेर पडते. म्हणजे मॅमोग्राफी गाठीचा आकार पाहते, तर एमआरआय तिचा रक्ताचा व्यवहार पाहते. वेषांतर केलेल्याला त्याच्या देण्याघेण्यावरून पकडावे, तसे हे.

नेदरलँड्समध्ये आनुवंशिक धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांची तिन्ही पद्धतींनी नियमाने तपासणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पसरू लागलेल्या कर्करोगांपैकी डॉक्टरांच्या हाताने शंभरात अठरा ओळखले, मॅमोग्राफीने तेहतीस, आणि एमआरआयने जवळजवळ ऐंशी. पण एमआरआयने निष्कारण घंटाही अधिक वाजविली. तिच्यामुळे कराव्या लागलेल्या अनावश्यक जादा तपासण्या मॅमोग्राफीच्या दुप्पट होत्या. अतिशय तीक्ष्ण नजरेच्या पहारेकऱ्याचे हेच होते, त्याला मांजरही दिसते. म्हणून एमआरआयवर काही चमकले की प्रथम त्याच जागी पुन्हा बारकाईने सोनोग्राफी करतात. तेथे दिसले तर सोनोग्राफीखालीच तुकडा काढतात, न दिसल्यास एमआरआयच्या यंत्रातच काढावा लागतो, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ही तपासणी पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत करावी. एरवी निरोगी स्तनही चमकतो आणि नसती अनिश्चितता पदरी पडते. गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख मोजावी, एवढे साधे काम घरी होऊ शकते.

डच आकड्यांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की हाताने तपासणे निरर्थक आहे. तसे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी सुरू केली. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की तपासलेल्या स्त्रियांचा रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत ठसठशीत फरक पडला नाही. गरीब देशातील सर्वसाधारण स्त्रीसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु आनुवंशिक धोक्याची स्त्री या सर्वसाधारण हिशेबात बसत नाही. तिचा रोग पन्नाशीची वाट पाहत नाही. तिच्यासाठी पंचविशीपासून दरसाल एमआरआय आणि तिशीपासून तिच्या जोडीला मॅमोग्राफी, असा क्रम आज सांगितला जातो. आपल्याकडे दरसालची एमआरआय किती कुटुंबांना झेपेल, हा प्रश्न आहेच. न झेपल्यास दर सहा महिन्यांनी जाणत्या हाताची तपासणी आणि सोनोग्राफी यांवर भिस्त ठेवावी लागते. ती एमआरआयची बरोबरी करीत नाही, हे ठाऊक असूनही ठेवावी लागते.

आता त्या न लिहिलेल्या वाक्याकडे वळतो. डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला हा आजार होता काय?’ बाई मनातल्या मनात आईकडची माणसे मोजते. आई धडधाकट, मावशी बरी. ‘नाही’ म्हणून मोकळी होते. स्तनाचा रोग म्हणजे बायकांचा, तेव्हा तो आईकडूनच यावयाचा, अशी आपली समजूत. जनुकाला ही समजूत ठाऊक नाही. बिघडलेले जनुक बापाकडून येण्याचा संभव आईइतकाच असतो, अपत्यागणिक निम्मा. बापाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून ते त्याच्यामागे दडून पुढच्या पिढीत जाते. मावशीची चौकशी होते आणि आत्या, जिला खानदेशात फुई म्हणतात, ती विसरली जाते. शिवाय ‘कर्करोग’ हा शब्द घराघरांत उच्चारला जात नाही. आजी ‘पोटात पाणी होऊन’ गेली, एवढेच सांगतात. तो अंडाशयाचा कर्करोग असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. घरात मुलीची सोयरीक व्हावयाची असेल तर तेवढेही सांगत नाहीत. ही भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. समाज जसा आहे तसा आहे. परंतु जो आजार सोयरिकीसाठी लपविला जातो, तो त्याच मुलीच्या फिल्मवरून वाचता येत नाहीसा होतो.

म्हणून सोनोग्राफीला जाताना एका कागदावर दोन्ही बाजूंची तीन पिढ्यांची माणसे लिहून न्यावीत. कोणाला कोठला कर्करोग झाला आणि मुख्य म्हणजे कोणत्या वयात, हे लिहावे. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेली स्त्री, दोन्ही स्तनांत झालेली, अंडाशयाचा कर्करोग झालेली, किंवा स्तनाचा कर्करोग झालेला पुरुष, यांपैकी एक जरी नोंद असली तरी डॉक्टरांची लेखणी थबकेल. मागची चित्रे असतील तर तीही न्यावीत. अहवाल पुरत नाहीत, प्रत्यक्ष चित्रे हवीत. अनिश्चित सावलीचा निकाल लावणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्याच स्तनाची जुनी फिल्म.

घराण्याचा इतिहास ठळक असेल तर रक्त तपासून जनुकांची परीक्षा करता येते. टाटा स्मारक केंद्रात यासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि परीक्षेपूर्वी व नंतर समजावून सांगणारे तज्ज्ञ तेथे भेटतात. ही परीक्षा शक्यतो ज्या व्यक्तीला रोग झाला आहे तिची आधी करावी. तिच्यात बिघाड सापडला तर इतरांत नेमके काय शोधावयाचे ते कळते. रोगी नात्यातील कोणी हयात नसताना निरोगी मुलीची परीक्षा ‘निर्दोष’ आली, तर ती पूर्ण निर्धास्तपणाची हमी नव्हे. कधीकधी उत्तर येते की जनुकात एक बदल दिसतो, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही. जनुकांच्या जगातील नोंदींत युरोपीय वंशाच्या माणसांची भरताड असल्यामुळे असे उत्तर आपल्या लोकांच्या वाट्याला अधिक येते. अशा अर्थहीन बदलाच्या भरवशावर कोणी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. बिघाड पक्का ठरला, तर काही स्त्रिया नियमित तपासणीचा मार्ग धरतात आणि काही निरोगी असतानाच दोन्ही स्तन काढून घेतात. त्याने धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो. २०१३ मध्ये अँजेलिना जोली या नटीने आपला असा निर्णय जाहीर केल्यावर हा विषय जगभर बोलला जाऊ लागला. दोन्ही मार्ग शहाण्यांचे आहेत, आणि निवड ज्या त्या स्त्रीची आहे. सासरची नाही, माहेरची नाही, आणि डॉक्टरांचीही नाही.

आपल्या त्या बाईंना एक भाऊ आहे असे समजू. बहिणीत बिघाड सापडला तर त्याच्यातही तो असण्याचा संभव निम्मा. तो म्हणेल, मला काय त्याचे? त्याला स्वतःला स्तनाचा आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो, विशेषतः दुसऱ्या जनुकात. पण त्याने रक्त देण्याचे खरे कारण त्याची मुलगी आहे. ती आज दहा वर्षांची असेल तर तिची कोणतीही परीक्षा आज करावयाची नाही; या वयात तिच्यासाठी करण्यासारखे काही नसते आणि निर्णय तिचा तिने सज्ञान झाल्यावर घ्यावयाचा असतो. बापाचे उत्तर निर्दोष आले, तर घराण्यातील तो बिघाड तिच्यापर्यंत बापाकडून पोचलेलाच नाही. सदोष आले, तर आत्याचा तो कागद, वयासकट, तिच्यासाठी जपून ठेवावयाचा आणि ती पंचविशीच्या जवळ आली म्हणजे तिच्या हाती द्यावयाचा.